केळीच्या सालीतले दोघे

९ जानेवारी, गुरुवार

लॅबच्या वहीत शिव्या लिहिता येत नाहीत, म्हणून ही वेगळी डायरी.

आमच्या विभागाचं एचपीएलसी, म्हणजे मिसळलेली द्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्र, बंद पडून दिवाळी उलटली. पंपात क्षार साचले, पंप जाम झाला. दुरुस्तीचा माणूस येतो, डोकं खाजवतो, चहा पितो, जातो. इकडे माझी पीएच.डी.ची मुदत जूनअखेर संपतेय. एकदा वाढवून झाली. आता पुन्हा वाढवायची तर समितीपुढे ठोस काहीतरी दाखवावं लागेल. नाही दाखवलं तर नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात, आणि मी घरी बसून पापड लाटायचे.

माझ्या गाइड बाविस्कर मॅडम आज म्हणाल्या, "प्रज्ञा, तोंड पाडून बसू नकोस. धुळ्याच्या एका कॉलेजात यंत्र चालू आहे. तिथे बैसाणे म्हणून आहेत, ते सांभाळतात. मी बोललेय. गुरुवारी त्यांचं यंत्र मोकळं असतं, तेव्हा जायचं." एकच अट आहे म्हणे त्यांची. यंत्रात क्षाराचा कणसुद्धा घालायचा नाही. मॅडमना मीठ घालून बघायचं होतं, पण आमच्या पंपाची गत त्या माणसाच्या कानावर गेलीय. आता काय बोलणार?

आईला काल पुन्हा सगळं समजावून सांगितलं. केळीच्या सालीत दोन द्रव्यं असतात, डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन. सख्ख्या भावंडांसारखी दिसतात आणि दोघांनाही पाण्याची भारी ओढ. कॉलम म्हणजे पोलादी नळी, आत सिलिकाची पिठासारखी बारीक पूड गच्च भरलेली. नेहमीच्या कॉलममध्ये या दोघांचा जीव रमतच नाही, सोडली की हातात हात घालून थेट बाहेर. वेगळी निघाली तरच वेगळी मोजता येतील. म्हणून मी पुडीच्या कणाकणाला आयनिक द्रव जोडते. म्हणजे मीठच, पण साध्या हवेतसुद्धा पातळ राहणारं. ते स्वतःभोवती पाण्याचा थर धरून ठेवतं. तिथे ही दोघं रेंगाळतील, मागंपुढं होतील. होतील, असं मी सहा वर्षं म्हणतेय.

आई म्हणाली, "डोपामिन म्हंजे काय?"

"त्याला आनंदाचं रसायन म्हणतात."

"मंग केयानं सालटं खाईसन मानूस खूस व्हई का?"

"नाही गं. पोटातून डोक्यात पोचत नाही ते."

"मंग काय कामनं?" असं म्हणून तिने टीव्ही लावला.

१६ जानेवारी, गुरुवार

जळगावहून धुळ्याला जाऊन आले. त्या बैसाणेंना कोणीतरी सांगा हो, की समोर माणूस उभं आहे.

मी दारात, खांद्याला पिशवी, एसटीने हाडं खिळखिळी. हा गृहस्थ म्हणतो, "चपला बाहेर. कॉलममधून सोडायचा द्राव गाळून आणलाय? त्यातली हवा काढली? कॉलम बसमध्ये कुठे ठेवला होता?"

मी म्हटलं, "वरच्या फळीवर."

"मग आतलं खचलं असणार. पारोळ्याच्या आसपास रस्ता कसा आहे, पाहिलात ना?"

मला आला राग. तपासण्याआधीच निकाल! पण लावून पाहिलं, तर खरंच खचला होता. द्रव्य बाहेर पडलं की यंत्र कागदावर टोकदार शिखर काढतं, त्या जागी सपाट टेकाड. माणूस आहे की गाळणी? सगळ्या चुका याच्या जाळीवर बरोब्बर अडकतात.

दुपारी तिथला लॅब अटेंडंट हिलाल माझ्याजवळ येऊन बसला. डब्यात आईने दिलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी होती. हिलालला दिलं, मग मेहेरबानी म्हणून बैसाणेंनाही विचारलं. नको नको म्हणत दोन भाकऱ्या संपवल्या. शेवटी हात धुताना म्हणतात, "भरीत चांगलं आहे. कॉलम नाही."

येताना एसटीत मी तेच वाक्य आठवून हसत होते. शेजारच्या बाईंनी सरकून बसायला जागा दिली, बहुतेक घाबरून.

२३ जानेवारी, गुरुवार

नवीन कॉलम भरला, आईच्या शालीत गुंडाळला आणि तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन धुळ्याला नेला. कंडक्टर डोकावून म्हणाला, "झोपलं का?" मी हो म्हटलं. कोण समजावत बसणार?

आज टेकाडाचं शिखर झालं. एकच, पण त्याला वर दोन वशिंडं. म्हणजे दोघं वेगळी व्हायला निघाली आणि दारातच पुन्हा गप्पा मारत बसली. बैसाणेंनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "उंट."

हिलाल सांगत होता, संध्याकाळी यंत्र बंद करायचा सरांचा कडक नियम आहे, प्राचार्य आले तरी थांबत नाहीत. आज माझ्या सगळ्या चाचण्या संपेपर्यंत चालूच होतं. विसरले असतील.

३० जानेवारी, गुरुवार

उंट.

आईने आज एवढा मोठा डबा दिला. म्हणते, "वांगा जास्त हुईग्यात. बठ्ठं भरीत लई जाय." आणि मग भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता, "त्या सर कोठला शेत? त्यास्नं लगीन व्हयेल शे का?"

"मला काय माहीत? मी काय सोयरीक जुळवायला जाते का तिकडे?"

"तसं नही, सहज."

माझी आई अंगणवाडी सेविका. पप्पा गेल्यापासून तिने एकटीने घर ओढलं आणि आख्ख्या वॉर्डाची पोरं वाढवली. ती सहज काहीच विचारत नाही. पण मला एकतिसावं लागल्यावर माझ्या लग्नाचा विषय तिने स्वतःहून बंद केलाय, त्यामुळे हे नुसतं कुतूहल असावं.

(सरांचं लग्न झालेलं नाही. हिलालने सांगितलं. मी विचारलं नव्हतं, विषय निघाला.)

२० फेब्रुवारी, गुरुवार

झालं! झालं! झालं!

अगं बाई! नीट क्रमाने लिहिते.

सकाळी पोचले तर तिकडे सगळ्यांचे चेहरे नळाकडे. आठवडाभर पाण्याचा पत्ता नव्हता. मी माझा नमुना बर्फातून काढतेय तोच हिलाल व्हरांड्यातून ओरडला, "पाणी उनं रेऽऽ!" त्यानंतर जे झालं ते काय सांगू! गणिताचे सर बादली घेऊन पळतायत, ग्रंथपाल बाई दोन्ही हातांत कळशा, कोणाला कोणाची ओळख नाही. मी तर पाण्याच्या दिवशी पहाटे उठून वाढलेली मुलगी. ओढणी कमरेला बांधली आणि लागले कामाला. बादल्या, टिपं, कॅन, बरण्या, जे जे रिकामं नाहीतर अर्धं दिसलं ते काठोकाठ भरून टाकलं. हिलाल म्हणाला, "ताई, तुम्ही ते धुयानाच वाटतस." मान ताठ झाली माझी.

मग ओले हात पुसून नवा द्राव तयार केला. बैसाणे आलेच मागे, "गाळलं का?" गाळलं हो, गाळलं. नमुना सोडला. आणि पडद्यावर रेघ वर गेली, खाली आली, पार तळाला टेकली, थोडी सरळ चालली, आणि पुन्हा वर गेली! दोन. स्वच्छ, सुटी, टोकदार दोन शिखरं. मध्ये अख्खी एसटी जाईल एवढी जागा.

मी टेबलावर हात आपटला. बैसाणे म्हणाले, "यंत्र हलतं." मी पुन्हा आपटला. तेव्हा ते हसले. पहिल्यांदाच. त्यांचा एक दात दुसऱ्यावर जरा चढलेला आहे, म्हणून एरवी तोंड मिटून ठेवतात की काय कोण जाणे. वेडेपणा आहे, चांगलं दिसतं ते.

संध्याकाळी मी, ते आणि हिलाल शेवभाजी खायला गेलो. मी दिली पार्टी. सरांना असा ठसका लागला की डोळ्यांतून धारा. धुळ्याचा माणूस आणि शेवभाजीचा ठसका! मी म्हटलं, "गाळून घ्यायची होती ना, सर." हिलाल हसून हसून बाकावरून घसरला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा दोन. तोच कॉलम, चार वेळा सोडलं, चारही वेळा दोन. मॅडमनी फोनवर किंकाळी मारली. समितीची तारीख मिळाली, २४ एप्रिल. सुटले मी. आईने गोड केलं आणि डब्यात सरांसाठीही दिलं.

१३ मार्च, गुरुवार

उंट परत आला.

मागच्या गुरुवारी गेले नव्हते, मॅडमबरोबर लेख लिहीत होते. आज नवा द्राव केला, तोच कॉलम, तोच नमुना. एक शिखर, दोन वशिंडं. सहा वेळा. दुपारपर्यंत माझं डोकं फिरलं. मी बैसाणेंना म्हटलं, "तुम्ही यंत्राला काहीतरी केलंत."

"मी हात लावलेला नाही, शिरसाठ मॅडम."

"मग काय भुताने लावला?"

असं बरंच बोलले. ओरडूनच बोलले. ते शांतपणे ऐकत उभे राहिले, त्याने तर आणखीच डोकं तापलं. डबा न उघडता तशीच बस पकडली.

आईने पिशवी उघडली. "डबा भरेलच कसाले लई उनी?" मी सांगितलं, कॉलम बिघडला, सगळं संपलं, सहा वर्षं गेली. ती ऐकत होती, पण डोळे डब्यावर. म्हणाली, "म्हंजे त्यास्नी काहीच खादं नही?"

माझी पीएच.डी. बुडतेय आणि हिला डब्याचं पडलंय!

एक मात्र खरं. हिलाल तिथेच होता, त्याच्यावर मला राग आला नाही. या एकाच माणसावर इतका का यावा, कळत नाही. रडू येतंय, ते मात्र कॉलमचं आहे.

१५ मार्च, शनिवार

बैसाणेंनी सकाळी एकामागून एक फोटो पाठवले. काल धुळवडीची सुट्टी असून लॅब उघडून बसले होते. यंत्रातला दिवा बदलून पाहिला, नळ्या बदलल्या, दुसरे तीन कॉलम लावून पाहिले. यंत्र ठणठणीत आहे. खाली लिहिलंय, "तुमचं म्हणणं तपासून पाहणं आवश्यक होतं." सणाच्या दिवशी! घरी करमत नसेल बहुतेक.

मी "सॉरी" लिहिलं. ते फार लहान वाटलं म्हणून "सॉरी सर, माझंच चुकलं" लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, "गुरुवारी या. डबा घेऊन."

२० मार्च, गुरुवार

हे लिहायला लाज वाटतेय आणि हसूही आवरत नाही.

सरांनी आज यंत्र सुरूच केलं नाही. मला आणि हिलालला समोर बसवलं आणि म्हणाले, "त्या दोन गुरुवारी काय वेगळं होतं, ते आठवायचं. काहीही." मी म्हटलं, नमुना तोच, कॉलम तोच. हिलाल म्हणाला, खिडकी उघडी होती. सर म्हणाले, खिडकी रोजच उघडी असते. जेवायला काय होतं इथपर्यंत आलो. मग हिलाल मान हलवत म्हणाला, "त्या दिन पाणी उनं व्हतं, सर. ताईनी बठ्ठं भरी टाकं व्हतं."

मी मान वळवून कोपऱ्याकडे पाहिलं.

कोपऱ्यातला तो पांढरा कॅन. डिस्टिल्ड पाण्याचा. त्याची चिठ्ठी कधीच गळून पडलेली, आणि तो अर्धा होता. मला स्पष्ट आठवलं, मी त्याला नळाखाली ओढला, काठोकाठ भरला, झाकण लावलं, आणि पुन्हा जागेवर नेऊन ठेवला. वर ओल्या हाताने थोपटलासुद्धा. मग दोन्ही गुरुवारी त्याच कॅनमधून द्राव केला; तो संपल्यावर कोणीतरी पुन्हा डिस्टिल्ड पाणी भरलं असणार. केमिस्ट्रीतली पीएच.डी. करणारी बाई! पाण्याच्या दिवशी अर्धं भांडं दिसलं की माझा हात मला विचारतच नाही.

मी सांगितलं. सर आधी पांढरे पडले. "म्हणजे नळाचं पाणी माझ्या पंपातून गेलं?"

"गाळून गेलं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आणि मग तो माणूस हसायला लागला. खुर्चीला धरून, डोळे पुसत. म्हणतात, "माझी आई पाणी आलं की फुलदाणीसुद्धा भरून ठेवते. त्यात कागदाची फुलं आहेत."

हसता हसता दोघंही एकदम थांबलो. मी म्हटलं, "क्षार!" तेही म्हणाले, "क्षार!"

सरळ आहे हो. माझ्या आयनिक द्रवावर धन भार. द्रावात थोडं आम्ल असतं, त्यात डोपामिनवरही धन भार, त्याच्या भावावरही. एकमेकांना ढकलणार, मग ती दोघं कॉलममध्ये रेंगाळणार कशी? नळाच्या पाण्यातले क्षार मध्ये पडले आणि भांडण मिटलं. ढकलाढकली थांबली, दोघं निवांत रेंगाळली, आणि आपापल्या वेळी बाहेर पडली. शुद्ध पाणी आलं की भांडण पुन्हा सुरू. म्हणजे कॉलम चांगलाच आहे! त्याला मोजून मापून मीठ हवंय, एवढंच.

मॅडम पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होत्या. आणि सरांची पहिल्या दिवसापासून एकच अट.

त्यांनी पंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "पुढच्या गुरुवारी अमोनियम फॉर्मेटचं मीठ घेऊन या. पंपाचं मी बघतो."

मी डबा उघडला. भरीत आज जरा जास्तच तिखट होतं, पण सर एकदाही ठसकले नाहीत.

२७ मार्च, गुरुवार

दोन! शुद्ध पाणी, मोजलेलं मीठ, आणि दोन! मीठ कमी केलं की जवळ येतात, वाढवलं की लांब जातात, सांगू तसं. आता हे योगायोगाने नाही. मला कळतंय ते का होतंय. आयुष्यात इतका आनंद मला कशाचाच झाला नव्हता, खरं सांगते. बसमध्ये मी मोठ्याने गाणं म्हटलं.

सर मात्र घरी जायला निघाले नाहीत. पंपातून क्षार गेले की तो तासन् तास शुद्ध पाण्याने धुवावा लागतो, ते एकटे धूत बसले होते. मी म्हटलं, हिलालला सांगा. म्हणाले, "नको, माझं आहे हे." पंपावर किती जीव आहे या माणसाचा!

१४ एप्रिल, सोमवार

जयभीम! पाय दुखतायत, गळा बसलाय, कपाळाला अजून नीळ. जयंतीला नाचले नाही तर वर्ष जात नाही.

गंमत म्हणजे मिरवणुकीत बैसाणे सर भेटले. जळगावात! पांढरा सदरा, कडक इस्त्री. पाणी वाटायच्या टेबलाशी उभे राहून आमच्या वॉर्डातल्या पोरांना ग्लास भरून देत होते. मी म्हटलं, "सर, इकडे कुठे?" म्हणाले, "थोडं काम होतं." सगळी ऑफिसं बंद, काय काम असेल? विचारणार होते, तेवढ्यात ढोल सुरू झाला आणि मी त्यांना ओढलं. नाचता येत नाही त्यांना. खांदे एकीकडे, पाय दुसरीकडे. पण थांबले नाहीत.

मग आई आली. सर वाकून म्हणाले, "जयभीम, आई." ती त्यांना घरीच घेऊन गेली, मी मागून पोचेपर्यंत ताट वाढलेलं. त्यांच्या आईचं नाव, गाव, गुडघ्यांचं दुखणं, घरी पाणी कधी येतं, सगळं विचारून झालं होतं. सर खाली मान घालून जेवत होते आणि प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर देत होते, परीक्षेला बसल्यासारखे.

ते गेल्यावर आई बराच वेळ दारात उभी राहिली. म्हणाली, "भांडं बी सोता उचली लिधं त्यानी." मी म्हटलं, "लॅबमध्ये सवय असते."

आईने कपाळावर हात मारून घेतला. का ते सांगितलं नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

समिती झाली. मी छान बोलले. मॅडमचे डोळे भरून आले होते. आणि मग बाहेरून आलेले एक सदस्य चष्मा पुसत म्हणाले, "उत्तम. पण हा तुमच्या हाताचा गुण नाही कशावरून? दुसऱ्या कोणीतरी, नुसत्या तुमच्या कृतीवरून, नवा कॉलम बनवावा. तुम्ही हात लावायचा नाही, तिथे जायचंही नाही. तेच आलं तर मुदतवाढ, नाही आलं तर नोंदणी संपली. जूनपर्यंत बघा."

बाहेर येऊन मी भिंतीला लाथ मारली. अंगठा सुजलाय. मग सरांना फोन केला. "सर, दुसऱ्या कोणीतरी..." एवढंच म्हटलं.

"मी करतो," ते म्हणाले.

"अजून मी सांगितलं नाही काय ते."

"सांगा. मी करतो."

८ मे, गुरुवार

आज धुळ्याला जायचं नव्हतं. जायचंच नाही. सकाळी सवयीने पिशवी भरली आणि पुन्हा रिकामी केली. आईने गच्चीवर पापड वाळत घालायला बसवलं. ऊन मरणाचं. मी दोनदा फोन बघितला तर आई म्हणाली, "काम कर."

१७ मे, शनिवार

सरांचा रोज संध्याकाळी फोन असतो. फक्त कामाचं बोलणं.

आजचं ऐका. "शिरसाठ मॅडम, तुमच्या कृतीत लिहिलंय, 'रंग बरा दिसेपर्यंत ढवळणे'. बरा म्हणजे कोणता?"

"बरा म्हणजे... बरा. फिकट पिवळा. वरणासारखा."

"कुणाच्या वरणासारखा?"

"आमच्या."

"मग येऊन पाहावं लागेल." आणि लगेच कागद उलटल्याचा आवाज. मग म्हणाले, "आणि हे 'अंदाजे धुवून घेणे'?"

मी आईसारखी कृती लिहिते, हे मला आज कळलं. सगळं पुन्हा लिहिलं, मापं घालून, वेळा घालून. आता ती कुणीही करावी अशी झालीय. त्यांनी विचारलं नसतं तर माझ्या हातातलं माझ्या हातातच राहिलं असतं. मी त्यांना तसं सांगितलं, आभारही मानले. आई स्वयंपाकघरातून विचारत होती, एवढं हसण्यासारखं काय आहे त्या कामात.

२९ मे, गुरुवार

त्यांचा पहिला कॉलम खचला. भरतानाच. आवाज इतका उतरला होता त्यांचा! म्हणाले, "माझ्यामुळे तुमचं जाईल." मी म्हटलं, "माझे सहा खचले होते, सर. तुम्हीच मला उंट उंट म्हणत होतात. पुन्हा भरा." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, नोंदणी माझी जाणार आहे आणि धीर मी त्यांना देतेय. पण खरंच, त्या क्षणी मला नोंदणीचं काही वाटलं नाही. त्यांना वाईट वाटू नये, एवढंच वाटत होतं. जेवताना आईला सांगितलं. तिने ताटात आणखी एक भाकरी वाढली.

१२ जून, गुरुवार

आज निकाल. सकाळपासून फोन हातातच होता. मॅडम दोनदा फोन करून "काही आलं का?" विचारून गेल्या. आई गहू निवडायला बसली होती, पण तेच तेच सूप पुन्हा पाखडत होती.

दुपारी फोन वाजला. मी "हॅलो" म्हणायच्या आधीच तिकडून आवाज आला, "दोन."

"काय?"

"दोन, प्रज्ञा मॅडम. सुटी. तुमच्यापेक्षा जरा जास्तच लांब आहेत. दहा वेळा सोडलं. मॅडमना आणि समितीला पाठवून दिलं. हिलाल इकडे नाचतोय."

मी ओरडले. गहू सांडले. आईला मिठी मारली, ती सुपासकट हलली. दोघी रडलो, हसलो. वाचली माझी सहा वर्षं! माझ्या कृतीने, दुसऱ्याच्या हातांनी, धुळ्यात बसून, तेच आलं. यापेक्षा मोठं मला काही नको होतं.

फोन चालूच होता. मी पुन्हा कानाला लावला. ते म्हणाले, "अभिनंदन." मग थोडं थांबून, "आता तुम्हाला दर गुरुवारी इकडे यायचं काही कारण राहिलं नाही."

मी खाली बसून एका हाताने सांडलेले गहू गोळा करायला लागले. इतकं वाईट तर कॉलम खचल्यावरही वाटलं नव्हतं. आणि मग एकदम कळलं. सगळंच कळलं, त्यांचंही आणि माझंही. इतकं ढळढळीत होतं की लाज वाटली. म्हणजे हिलालला ठाऊक, आईला ठाऊक, बहुतेक मॅडमनाही ठाऊक. उरले होते मी एकटी.

आईने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "बैसाने सर, मी प्रज्ञानी माय बोलस. रविवारले जेवाले या. वरन-बट्टी करस. आनि एकला येऊ नका. माय-बापले बी संगे लई या."

मग त्यांचा आवाज, एवढा हळू की आईने फोन माझ्या कानाशी धरला.

"प्रज्ञाला चालेल का, आई?"

आई माझ्याकडे बघत राहिली. मी डोळे पुसले.

"आईचं ऐका," मी म्हणाले.